अव्वाचा ‘च’

गेल्या चतुर्थीच्या आधी माळ्यावरची आवराआवर करताना पत्र्याच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘अव्वा, दिवाळी १९९१’. त्या दिवाळीला मी तीन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी बेळगावला गेले होते. भावाने नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि दिसेल ते टेप करायची त्याला हौस होती. अव्वा नातवाला मांडीवर घेऊन काऊ-चिऊची गोष्ट सांगत बसली होती. तेवढी वीस मिनिटं त्या कॅसेटवर राहून गेली. अव्वा २००३ साली गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज मात्र एवढाच.

आमचे बाबा मराठी आणि अव्वा गोकाककडची, कानडी. सीमाभागातल्या वाचकांना अशा घराचं वर्णन करायला नको. बाबांशी मराठीत, अव्वाशी कानडीत आणि भावंडांशी भांडण दोन्ही भाषांत! अव्वा मराठी शिकली ती लग्नानंतर, शेजारणींकडून.

लग्न होऊन मी मांद्र्याला आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगा साउंडचं काम करतो. हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले कार्यक्रम, कार्तिकापासून दशावतारी नाटकं आणि उरलेल्या दिवसांत भजनी मंडळांची रेकॉर्डिंग. कॅसेट मिळाल्यावर तो म्हणाला, “आई, दे माझ्याकडे. कॉम्प्युटरवर घेतो आणि साफ करून देतो.”

दोन दिवसांनी त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. खरखर खरंच गेली होती. शब्द न् शब्द कळत होता. पण कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा जे पोटातून हललं होतं, ते काही हललं नाही.

“ही अव्वा नव्हे रे,” मी म्हटलं.

“मग कोण?”

“अव्वासारखं बोलणारी दुसरी कुणीतरी.”

तो हसला नाही. म्हणाला, “काय कमी आहे ते सांग. सांगितलंस तर परत आणतो.”

मला सांगता येईना. गोड, भरडा, घोगरा, किनरा, बसका असे आवाजाचे शब्द आपल्याकडे कितीतरी आहेत. पण त्यातला एकही उपयोगी पडेना. आवाज कसा आहे ते मला सांगता येत होतं. त्यातलं कुठलं गेलं, ते सांगता येत नव्हतं. आमटी बिघडली हे कुणालाही कळतं. चिंच कमी की गूळ जास्त, हे कळायला हात बसावा लागतो. माझ्या कानाचा हात बसला नव्हता.

तिथून माझी शाळा सुरू झाली. मास्तर माझाच मुलगा.

पहिला धडा त्याने घराच्या अंगणात दिला. आमचं घर किनाऱ्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. सीझनमध्ये संध्याकाळी किनाऱ्यावर गाणी सुरू झाली की आम्हाला फक्त ‘धब् धब्’ ऐकू येतं. तो म्हणाला, “चल, त्या गाण्यापर्यंत चालत जाऊ. वाटेत काय काय वाढत जातं ते सांग.” निम्म्या वाटेवर गाणाऱ्याचा आवाज आला, पण पांघरूण घेऊन बोलल्यासारखा. माडांच्या रांगेपाशी शब्द कळू लागले. वाळूत पाय ठेवल्यावर झांजेसारखं ‘चिस् चिस्’ ऐकू आलं. गाणं सगळीकडे तेच होतं, पण त्याचे थर एकेक करून भेटले.

मग त्याने हर्ट्झ समजावलं. सेकंदाला किती कंपनं, तो आकडा. माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० पर्यंत ऐकतो. साठ हर्ट्झच्या ‘धब्’ची एक लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते. ती भिंतींना, झाडांना जुमानत नाही. दहा हजारांच्या ‘चिस्’ची लाट साडेतीन सेंटिमीटरसुद्धा नसते. वाटेतली हवा, पानं, भिंती तिला खाऊन टाकतात. म्हणून घरी पोचतो तो फक्त धब्. परत येताना मी समुद्राची गाज ऐकत आले. तिच्यातही खाली एक ‘घूं’ आहे आणि वर एक ‘स्स्स’. इतकी वर्षं मी तिला एकच आवाज समजत होते.

दुसरा धडा मात्र मी स्वतःच शोधला, असं म्हणायला हरकत नाही.

मुलाच्या मशीनवर ईक्यूच्या एकतीस दांड्या आहेत. प्रत्येकीखाली आकडा : १००, १२५, १६०, २००, २५०, ३१५, ४००, ५००, असे चढत जाणारे. तो म्हणे, हे आकडे कानाला पाठ झाले पाहिजेत. मला आकडे पाठ होईनात. पण माझे सासरे, आमचे नाना, भजनात पेटी वाजवायचे आणि त्यांनी मलाही शिकवली होती. आज आमच्या महिला भजनी मंडळात पेटीवर मीच असते. मी म्हटलं, “आकडा नको, पट्टी सांग.”

पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० कंपनांची असते. तिच्या शेजारची पांढरी सात सुमारे ४९४. म्हणजे पाचशेच्या दांडीला जवळजवळ लागूनच! स्वर एक सप्तक वर गेला की कंपनं दुप्पट, खाली आला की निम्मी, हे पेटीवाल्याला सांगायला नको. मंद्रातली सात झाली अडीचशेची दांडी. तारेतली सात झाली हजाराची. त्याच्यावर दोन हजार आणि चार हजार, त्याही सातच. मग मधल्या दांड्या कुठल्या? अडीचशेनंतर ३१५, ती निघाली काळी दोन. मग ४००, ती पांढरी पाच. आणि पुन्हा ५००, सात. पांढरी सातला सा धरला तर काळी दोन हा त्याचा गंधार, त्या गंधाराचा गंधार पांढरी पाच आणि पाचचा गंधार पुन्हा वरचा सा. म्हणजे त्या एकतीस दांड्या सगळ्या मिळून तीनच पट्ट्या! आकडे तंतोतंत जुळत नाहीत, दांडी कुठे पाव-अर्धी पट्टी चढी असते आणि जुन्या पेट्याही थोड्या वर-खाली लागलेल्या असतात. पण कानाला जागा सापडायला एवढं पुरे. मुलगा बघतच राहिला. म्हणाला, “हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” मी म्हटलं, “नाना असते तर त्यांनी सांगितलं असतं.”

आता घरातही पट्ट्या दिसू लागल्या. आपली वीज पन्नास हर्ट्झची. तिची घूं पन्नासावर आणि शंभरावर असते, म्हणजे खालची पांढरी पाच. आमचा फ्रिज आणि रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर दोघेही दिवसभर पाचचा सूर धरून असतात.

पेटी वर जाऊन संपते तिथे पंचाईत होते. तिच्यावर दोन हजार, चार हजार मिळत नाहीत. तिथे आपले स्वर मदतीला येतात, म्हणजे बाराखडीतले. अडीचशेच्या आसपासचा भाग वर उचलला की कुठलाही आवाज ‘ऊ’कडे झुकतो, पाचशेला ‘ओ’कडे, हजाराला ‘आ’, दोन हजाराला ‘ए’ आणि चार हजाराला ‘ई’कडे. त्याच्याही वर, सहा-आठ हजारांवर, ‘स’चा सळसळाट. पोलंडमधल्या वॉर्साच्या संगीत अकादमीत १९७०च्या दशकापासून ध्वनिमुद्रण शिकणाऱ्यांसाठी असं कान तयार करण्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं, हे मुलाकडून कळलं. आपल्या दोन्ही भाषांत हे पाचही स्वर आहेत. कानडीत तर ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. तेव्हा आपल्या घरांत हे कुणालाही जमावं.

सरावाची रीत साधी आहे. मुलगा धबधब्यासारखा एकसारखा आवाज लावतो, त्यातली एकच दांडी बारा डेसिबलने उचलतो आणि विचारतो, “कुठे?” आधी ऊ-ओ-आ-ए-ई एवढ्या पाचच जागा. त्या बऱ्यापैकी ओळखता आल्या की मधल्या दांड्या. मग बाराऐवजी सहा डेसिबल, मग तीन. उचललेलं लवकर कळतं, दाबलेलं उशिरा. आवाज बेताचा ठेवायचा आणि दिवसाला दहा-पंधरा मिनिटांहून जास्त करायचं नाही, कारण कान दमला की खोटं सांगू लागतो. पहिल्या आठवड्यात माझी उत्तरं निम्मी चुकत होती. दोन महिन्यांनी चुकली तरी शेजारच्या दांडीवर पडू लागली.

एकदा देवळात भजनी सप्ताहाला माइकने शिट्टी मारली. मुलगा दांडी शोधत होता. मी पेटीवरून खूण केली, “पाच. तारेतल्या पाचच्या वरची पाच.” त्याने सोळाशेची दांडी खाली ओढली आणि शिट्टी बंद झाली. माझ्या शेजारच्या टाळकरी बाईंना काय झालं ते कळलंच नाही. पण मला त्या दिवशी नाना फार आठवले.

कुणी म्हणेल, संगीतात आकडे कशाला? पण हा नाद आपल्याच भागात जुना आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचा हिशोब कंपनांच्या आकड्यांत मांडला. पुढे या श्रुतींच्या प्रयोगांत मिरजेत राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही भाग घेतला. आणि मिरजेचा तंबोरा! त्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या खर्जाच्या तारेत शांतपणे ऐकलं तर कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तार सगळी मिळून हलते तशी ती भागाभागांतही हलते. पाच भागांत हलते त्याचा हा गंधार. घोडीवर जवारीचा दोरा जरासा सरकवला की सूर तोच राहतो, पण रंग बदलतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. पुढे ते बंगळुरूला आले ते कायमचेच. दोरा सरकवणारा मिरजेचा कारागीर आणि दांडी सरकवणारा माझा मुलगा, दोघांचं काम एकच. सूर हलवायचा नाही, त्यातलं काय पुढे यावं आणि काय मागे जावं, ते ठरवायचं.

एवढी तयारी झाल्यावर मी पुन्हा कॅसेट ऐकायला बसले. एकदा मूळची, एकदा साफ केलेली. खालून वर, एकेक मजला. ऊ जागेवर, ओ जागेवर, आ जागेवर. दोन हजारापर्यंत अव्वा शाबूत होती. त्याच्या वर साफ केलेल्या कॅसेटमध्ये काहीच नव्हतं. मोकळी खोली.

“तीन हजारांच्या वर तू काय केलंस?”

“दाबलं सगळं. खरखर तिथेच असते.”

“आणि तिथे आणखी काय असतं?”

तो गप्प झाला. मूळची कॅसेट त्याने पुन्हा लावली. अव्वा चिऊचं घर सांगत होती. ‘चिऊचं’ हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. त्यात दोन ‘च’ आहेत. पहिला चहातला, तालव्य. दुसरा चुलीतला, दंततालव्य. मराठी माणूस ते वेगळे म्हणतो आणि वेगळे म्हणतो हे त्याला ठाऊकही नसतं. कानडीत मात्र च एकच, चहातला. अव्वा जन्मभर ‘चूल’, ‘चोर’, ‘चांदोबा’ हे सगळे शब्द त्याच एका ‘च’ने म्हणायची. आम्ही पोरं तिला चिडवायचो, “अव्वा, चूल म्हण!” ती म्हणायची आणि आम्ही लोळायचो. तीही हसायची. आज वाटतं, तिला तेवढं हसू नेहमीच आलं असेल का?

चहातल्या ‘च’ची फुसफूस साधारण तीन-चार हजारांच्या आसपास भरते आणि चुलीतल्या ‘च’ची पाच-सहा हजारांच्या वर. तिथेच कॅसेटची खरखरही असते. खरखर काढताना दोन्ही ‘च’ बोथट झाले आणि सारखे झाले. अव्वाचं मराठी शुद्ध झालं! तिच्या मराठीतलं गोकाक पुसलं गेलं, आणि माझ्या कानाला तेच हवं होतं. जुन्या टेलिफोनवर ३४०० च्या वरचं पोचतच नसे. म्हणून ‘स’ आणि ‘श’ तिथे सारखे वाटायचे आणि नाव सांगताना ‘शहाळ्यातला श’ म्हणावं लागायचं. त्यातलंच हे.

मग आम्ही दोघांनी नव्याने काम केलं. खालची पांढरी पाच, म्हणजे विजेची घूं, काढली. अव्वा बोलायची थांबते तिथे खरखर कमी केली. ती बोलते तिथे वरचा मजला हलवलाच नाही. खरखर थोडी उरली. मुलगा म्हणाला, “राहू दे. गाज समज.” हेडफोनमध्ये अव्वाने ‘चिऊचं’ म्हटलं, दोन्ही ‘च’ एकसारखे, दोन्ही कानडी. आता मात्र मला हेडफोन काढून ठेवावे लागले.

गोष्ट इथे संपली असती. पण कान तयार झाला की तो घरातलंही ऐकू लागतो.

माझ्या लक्षात आलं, कार्यक्रमाहून आल्यावर मुलगा टीव्ही मोठा करतो. ‘सात’ आणि ‘शात’ असले घोटाळे करतो. मी मागे लागून त्याला म्हापशाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि माझीही तपासणी करून घेतली. बंद खोलीत कानावर बारीक सूर येतो, ऐकू आला की बटण दाबायचं. पहिला सूर आला आणि मला हसूच फुटलं. पांढरी सात! मग तिच्या वरची सात, तिच्याही वरची. २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. कानाची तपासणी म्हणजे पांढरी सातचीच शिडी. माझी शिडी वरच्या टोकाला डगमगते, ते वयाचं. जुन्या डब्बा टीव्हीची १५,६२५ हर्ट्झची शिट्टी मुलांना ऐकू यायची आणि मोठ्यांना नाही, तसंच.

मुलाचा आलेख सरळ होता, फक्त चार हजाराला डाव्या कानात छोटा खड्डा होता. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजाचा मार आधी बहुधा तिथेच, तीन ते सहा हजारांत बसतो. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की माणसाला परत येत नाहीत. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आणि हा रात्री दहापर्यंत, कधी हॉलमध्ये त्याहून उशिरापर्यंत, स्पीकरच्या शेजारी उभा.

येताना गाडीत मी त्याला एवढंच म्हटलं, “कॅसेटवरून अव्वाचा ‘च’ गेला तो आपण परत आणला. तुझ्या कानातून गेला तर कुठून आणायचा?” त्याने उत्तर दिलं नाही. पण पुढच्या आठवड्यात कानात घालायची, संगीतवाल्यांची म्हणून मिळतात ती बुचं त्याने मागवली. आता कार्यक्रमाला निघताना मी “डबा घेतलास?” विचारते तसं “बुचं घेतलीस?” विचारते. दिवसाआड तासभर कानाला पूर्ण विश्रांतीही देतो, असं तो म्हणतो. खरं-खोटं त्याच्या पुढच्या आलेखात दिसेलच.

अव्वा आम्हाला अभ्यासाला बसवताना म्हणायची, “सरियागि केळु”. नीट ऐक. पण कानडीत ‘केळु’ म्हणजे ऐकणंही आणि विचारणंही. दोन्हीला शब्द एकच. लहानपणी मी याचा कधी विचार केला नाही. आता मुलगा दांडी उचलतो आणि “कुठे?” म्हणतो तेव्हा अव्वाचा तो शब्द आठवतो. चांगलं-वाईट ठरवायच्या आधी आवाजाला एकेक प्रश्न विचारायचा. कुठे आहेस? तुझ्याबरोबर आणखी कोण आहे? तुला काढलं तर सोबत कोण जाईल?

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल. ती जरूर साफ करून घ्या. पण मूळची प्रत जपून ठेवा, आणि साफ झालेली घरातल्या जुन्या माणसाला ऐकवा. “ही ती नव्हे,” असं कुणी म्हणालं तर त्याला हसू नका. काय कमी आहे, ते विचारा.